चपटी

पत्रपेटीच्या फटीतून त्यानं बुकपोस्ट ओढून काढलं आणि त्याचा अंगठा कशाला तरी अडला. एक पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर, दुसरा खाली, असा तो तिथंच थांबला. मासिकाच्या पोटात गाठ होती. मोठी नाही, बोटाच्या पेराएवढी. पण इतक्या वर्षांत या मासिकाच्या पोटात कधी गाठ आली नव्हती. त्यानं ती वरूनच चाचपली. दातांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे चाचपून त्याची बोटं अशी तयार झाली होती की हिरडीवरचा तिळाएवढा उंचवटाही त्यांना चुकवून जात नसे. बोटांनी सांगितलं, टॉफी आहे. अख्खी आहे. लाटलेली नाही. तेवढ्यावरून, जिन्यात उभ्याउभ्या, त्यानं ठरवून टाकलं की आत्यानं अबोला सोडला. वरच्या मजल्यावरून भाजीची पिशवी घेऊन उतरणाऱ्या बाईंना वाट द्यायचं त्याच्या लक्षात आलं नाही. बाई थोडा वेळ थांबल्या, मग भिंतीला पाठ घासत निघून गेल्या. त्यांना वाटलं, माणसाला काहीतरी वाईट बातमी आलीय. चेहरे वाचणं बाईंचं काम नव्हे. आणि खरं तर त्या फारशा चुकल्याही नव्हत्या.

वेष्टणावर पत्ता आत्याच्या हातचा होता. 'चि. ठोंब्या', आणि खाली हीच इमारत, हाच तिसरा मजला. साठीला टेकलेल्या, डोक्यावर मोजके केस उरलेल्या माणसाला चिरंजीव म्हणणारं जगात हे एकच टपाल होतं. आणि ते पाठवणारी बाई त्याच तिसऱ्या मजल्यावर, त्याच्याच घरात, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेली होती. ती कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून मासिक आणायची, वेष्टणात गुंडाळायची, दोन्ही तोंडं उघडी ठेवायची, तिकीट लावायची आणि गुडघे कुरकुरत असले तरी स्वतः जिना उतरून डब्यात टाकायची. मग ते बुकपोस्ट मोठ्या पोस्टात जायचं, शिक्के खायचं, सगळ्या शहराला प्रदक्षिणा घालायचं आणि ज्या जिन्यावरून उतरलं होतं त्याच जिन्याखाली येऊन पडायचं. दोन खोल्यांमधलं सहा पावलांचं अंतर काटायला त्याला कधी चार दिवस लागत, कधी आठवडा. आत्या त्याच्याशी बोलत नव्हती. पण मासिकाचं तसं नव्हतं. ती बायकोला म्हणाली होती, तोही समोर असताना, "भांडण याच्याशी आहे. मासिक ठोंब्याला जातं. त्या पोरानं माझं काय वाकडं केलंय?" बायकोनं तेव्हा तोंडाला पदर लावला होता. तो मात्र त्या दिवशी त्या पोराचा हेवा करत झोपला.

ते पोर आईवेगळं होतं. बापानं दुसरं लग्न केलं आणि शाळेत घालायच्या वयाला त्याला आत्याकडून उचलून आपल्या शहरी नेलं. बस सुटताना आत्या म्हणाली, "मला सुट्टी नसते, मी यायची नाही. टपाल येईल." ती टेलिफोन ऑपरेटर होती. तिचा आवाज असा की गावातली अर्धी माणसं मुद्दाम चुकीचा नंबर मागत, म्हणजे ती दोनदा बोलेल. एका म्हाताऱ्यानं म्हणे मरताना मुलाबाळांना सोडून फोन मागवला, आणि तिनं 'कोणता नंबर हवाय' एवढं विचारल्यावर समाधानानं प्राण सोडला. हे तिनंच सांगितलेलं, त्यामुळे खरं असणार. पण बापाच्या घरी फोन नव्हता, म्हणून त्या आवाजाऐवजी महिन्याच्या महिन्याला एक मासिक यायला लागलं. बुकपोस्टात छापील मजकुराशिवाय काही घालायचं नाही असा नियम, आणि पोस्टातली माणसं उघड्या तोंडातून डोकावून बघणार. आत्यानं त्यावर तोड काढली. दुधाची मऊ टॉफी उन्हात ठेवायची, दोन कागदांच्या मध्ये घालून लाटण्यानं लाटायची, अगदी पानाइतकी पातळ, आणि मासिकाच्या मधोमध सरकवून द्यायची. तिचं नाव दोघांत ठरलं, चपटी. पोस्टमनच्या हाताला ती कधी लागली नाही. मुंग्यांना मात्र लागायची. पोस्टापासून त्यांच्या दारापर्यंत मुंग्यांची अशी रांग लागे की पोस्टमननं पत्ते वाचायचं सोडून दिलं, महिन्यातला तो दिवस तो रांगेच्या मागं मागं चालत येई, आणि म्हणे, "घे रे, तुझ्या नातेवाइकांनी वाट दाखवली."

पोर ते वेष्टण फाडत नसे. बांगडी उतरवावी तसं हळूच सरकवून काढी. मग शाईचा वास, गार चकचकीत मुखपृष्ठ, मधे कुठंतरी घट्ट बसलेली दोन पानं. सावत्र आई वाईट नव्हती, बापही नव्हता. पण त्या घरातली प्रत्येक गोष्ट सगळ्यांची होती, आणि चिकटलेली ती दोन पानं फक्त त्याची होती. तो ती तोंडाच्या वाफेनं सोडवी, चपटी सोलून काढी, आणि जे सुटत नसे ते चाटून खाई. मासिकात एका गुप्तहेराची गोष्ट क्रमशः येई. त्या गुप्तहेराचं नाव त्याला वर्षभर कळलं नाही. नावाच्या जागी नुसतं गोड लागायचं. मग तो आत्याला कार्ड टाकी, 'पान बारा, खालून तिसरी ओळ गेली आहे.' उलट टपाली आत्याचं कार्ड येई, त्यात ती ओळ, शब्दन् शब्द. त्याला वाटे, आत्याला सगळं मासिक पाठ आहे. शाळेत एकदा बाईंनी 'माझा सर्वांत आनंदाचा दिवस' असा निबंध घातला. त्यानं लिहिलं, 'दर महिन्याला आत्या मला टपालानं चपटी पाठवते. ती मी शाळेतून आल्यावर एकटाच संपवतो. बाबांना वासही येऊ देत नाही.' खिशात मावणाऱ्या दारूच्या बाटलीला सगळं गाव चपटी म्हणतं हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बापाला शाळेत बोलावणं आलं. हेडमास्तरांनी दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मुलाची आत्या काय व्यवसाय करते?" बाप म्हणाला, "लोकांना जोडून देते." त्यानं टेलिफोनबद्दलच सांगितलं होतं. पण हेडमास्तर पुढं काही बोलायच्या मनःस्थितीत राहिले नाहीत.

पोर मोठं झालं, दातांच्या कामाला लागलं, लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचं लग्न झालं. मासिक येतच राहिलं. बायको म्हणे, "आली माझी सवत." तो हसून वेष्टण सरकवी, आणि वाफ घालून पान सोडवताना मुलीला शेजारी बसवी, पण मुलीला चिकट पानांची किळस यायची, आणि त्याचं त्याला मनातून बरंच वाटायचं. मग आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि 'चार दिवस चल' म्हणून तो तिला इथं घेऊन आला. चार दिवस म्हणजे किती हे दोघांनाही माहीत होतं, त्याबद्दल ती रागावली नव्हती. तो एकटा परत जाऊन तिच्या खोल्या रिकाम्या करून आला. तिथं पलंगाखाली त्याला मासिकं सापडली. सगळे अंक, पहिल्यापासूनचे, कोरे, एकाही पानावर डाग नाही. हे सगळे तर आपल्याकडे आलेच होते, असं त्याच्या मनात आलं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. त्यानं गठ्ठे बांधून रद्दीवाल्याला देऊन टाकले. संध्याकाळी आत्यानं विचारलं, "पलंगाखालचं आणलंस?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "रद्दीत घातलंस?" "अगं, ते सगळे डबल होते." आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. "डबल," ती म्हणाली, आणि तो तिचा त्याच्याशी बोललेला शेवटचा शब्द. अंथरुणावर पडल्यावर त्याला बारावं पान आठवलं, खालून तिसरी ओळ आठवली, आणि तिला ती पाठ नव्हती हे कळलं. तिनं प्रत्येक अंक दोनदा विकत घेतला होता. एक त्याला चिकटवायला, एक त्याच्या चिकटलेल्या ओळी वाचून कळवायला. सकाळी पहिल्या गाडीनं तो रद्दीवाल्याकडे गेला. रद्दीवाला दात कोरत म्हणाला, "साहेब, रात्रीच गाडी गेली. आता त्याचा लगदा होईल, लगद्याचा पुठ्ठा. बुटं घेतली की खोकं जपून ठेवा, त्यात असंल एखादं पान."

आत्याचा अबोला अर्धवट कामाचा नव्हता. बायकोशी ती भरभरून बोले, त्याच्या देखत, त्याच्याबद्दल. "त्याला सांग, चष्मा पुसून बसत जा म्हणावं." तो म्हणे, "तिला सांग, पुसलाय." बायको म्हणाली, "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का?" आणि मग जीभ चावली. आत्यानं त्यावर शांतपणे उत्तर दिलं, "तू असतीस तर दोघांचेही नंबर कापले असते." शिवाय तिनं आणखी एक केलं. तिची कवळी त्यानंच केलेली होती, हाताखालून गेलेल्या कवळ्यांत सगळ्यांत सुबक. 'स' म्हणताना शिटी वाजू नये म्हणून पुढच्या दातांवर त्यानं रात्री जागवल्या होत्या. तो घरात आला की ती कवळी काढून वाडग्यात ठेवी. बोलायचंच नाही तर दात कशाला. वाडग्यातल्या पाण्यातून ते दात त्याच्याकडे बघून हसत, आणि तेवढंच काय ते त्या घरात त्याच्याकडे बघून हसत होतं. मग मुलीचं बाळंतपण आलं, बायको तिच्याकडे गेली आणि मधली तारच निघाली. साखर संपली की टेबलावर रिकामा डबा येई. दिवा गेला की बल्ब येई. तो डबा भरून ठेवी, बल्ब लावी. कामावर प्लॅस्टरचे जबडे फळीवर ओळीनं मांडलेले असत, पितळी सांगाड्यात बसवून तो ते उघडमीट करून पाही, दात दातांवर नीट बसतात की नाही; आणि कधी कधी त्याला वाटे की घरीही आता तसंच आहे, दोन जबडे, नीट बसणारे, उघडमीट होणारे, आणि मधे जीभ नाही. घरातला बारीकसारीक आवाजही तेव्हा त्याला ऐकू यायचा. नळ, घड्याळ, आत्याच्या खुर्चीची कुरकुर, स्वतःचं गिळणं.

म्हणून ती अख्खी टॉफी. जिना चढताना त्याला धाप लागली ती वयाची नव्हती. इतक्या वर्षांत आत्यानं पहिल्यांदा नियम धाब्यावर बसवला होता, पोस्टातल्या कुणाची पर्वा न करता. आता लपवायचं कारण नाही, असंच ना ते? पत्ता तिनं घाईत लिहिलेला दिसत होता. 'चि'ची वेलांटी ओळ सोडून भलतीकडेच गेली होती, इमारतीचं नाव उतरणीला लागलं होतं. आनंदात माणसाचं अक्षर बिघडतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आत्या खिडकीशी होती, दात वाडग्यात. त्यानं चपला काढल्या, जवळ स्टूल ओढलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलला. "आत्या, अख्खी पाठवलीस?" आत्यानं मान वळवली. तोंड वाकडं केलं. आत्याचं तोंड वाकडं करणं त्याच्या लहानपणापासूनचं ओळखीचं होतं. शेजारीण मोठेपणा सांगायला लागली, बापाचं कार्ड आलं, की ते ओठ असेच एका बाजूला जात. त्याला बरं वाटलं. एकदम हसणार कशी, आधी तोंड वाकडं करणारच. त्यानं तिच्या समोर टॉफी सोलली, तोंडात टाकली. लाटलेली नसल्यामुळे एका गालाला टेंगूळ आलं, आणि तशाच तोंडानं तो बोलत सुटला. रद्दीवाल्याकडे परत गेलो होतो हे सांगितलं. बारावं पान सांगितलं. "तू दोन दोन घेत होतीस ते मला कधी कळलंच नाही गं. मला वाटायचं, तुला पाठ आहे." आत्याच्या एका डोळ्यातून पाणी आलं आणि गालावरून सावकाश खाली गेलं. ते तिनं पुसलं नाही. दुसरा डोळा कोरडा होता. हे त्याला दिसलं. आणि मनात आलं, अर्धं माफ केलंय, अर्धं बाकी आहे.

ते दिवस त्याचे फार सुखात गेले. पुढं कितीतरी वेळा त्या सुखाची आठवण येऊन त्याला स्वतःची लाज वाटली, पण सुख ते होतंच, नाही म्हणून चालणार नाही. तो कामावर शिट्टी वाजवत होता. दातांच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय, नात झाली वाटतं?" "ती व्हायचीय. आत्या बोलायला लागणार आता." "म्हणजे अजून नाही ना बोलल्या?" "सुरुवात झालीय," तो म्हणाला. घरी येऊन तो स्टूल ओढी आणि सांगत बसे. कुठल्या गिऱ्हाइकानं कवळी कुत्र्याला खाऊ घातली, कुणाला नवऱ्यापेक्षा पांढरे दात हवेत. सावत्र आईबद्दल, जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते. आत्या ऐकत होती. घशातून 'अं' असा काहीतरी आवाज करी, आणि तो आवाज त्याला हुंकारासारखा वाटे. चहाचा कप ती डाव्या हातानं धरत होती. आमटी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळली तेव्हा त्यानं पुढं होऊन रुमालानं टिपली आणि तिनं टिपू दिली. त्या क्षणी त्याला वाटलं, आता उरलेलं अर्धंही संपलं. कवळी नसली की गाल आत जातात, दोन्ही गाल, सारखेच. हे तो शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा. एकाच बाजूला उतरलेला गाल त्यानं बोटभर अंतरावरून पाहिला आणि त्याला त्यात फक्त माया दिसली.

मग बायकोचा फोन आला. नात झाली होती. तो इतका हरखला की रिसीव्हर आत्याच्या कानाला लावून स्वतःही तिथंच वाकून उभा राहिला. "आत्या, मुलगी झाली हो. नाक अगदी तुमचं आहे, बिचारीचं," बायको म्हणाली, आणि थांबली. आत्याचे ओठ हलले. "अं," ती म्हणाली. "आत्या? ऐकू येतंय ना? अहो, काहीतरी बोला ना." "अं. अं." आत्यानं डाव्या हातानं रिसीव्हर ढकलला. त्यानं तो उचलून कानाला लावला. बायको विचारत होती, "त्या माझ्याशी का बोलत नाहीत? अहो, माझ्याशी कुठं भांडण आहे त्यांचं?" तो आत्याकडे बघत होता. आत्या त्याच्याकडे बघत होती, दोन्ही डोळ्यांनी, आणि त्या बघण्यात राग नव्हता, माफी नव्हती. खोल पाण्यात पाय सुटलेलं माणूस काठावरच्या माणसाकडे बघतं, तसं ते बघणं होतं. ती किती दिवस तसं बघत होती, आणि तो तिला कवळी खाणाऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगत होता.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "बोलणं कधीपासून बंद आहे?"

"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.

डॉक्टरनं मान वर केली. "आणि तुम्ही आत्ता आणताय?"

"तेव्हा ती रागावली होती."

"मी आजाराबद्दल विचारतोय."

"हो. पण मला ते वेगळं करता येत नाहीये," तो म्हणाला. "माझ्याशी ती बोलतच नव्हती. त्यामुळे बोलेनाशी कधी झाली, ते..."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. जरा मऊ आवाजात विचारलं, "बरं, उजव्या हाताचं सांगा. हातातून वस्तू पडायच्या? नेहमीचं एखादं काम जमेनासं झालंय, असं काही दिसलं?"

तेव्हा कुठं त्याला लाटणं दिसलं. उन्हात मऊ झालेली टॉफी, दोन कागद, आणि लाटणं धरू न शकणारा हात. तिनं प्रयत्न केला असणार, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. टॉफी थंड होईपर्यंत. मग तशीच अख्खी घालून, सुटत चाललेल्या हातानं ते वेष्टण गुंडाळून, भिंतीला धरून ती जिना उतरली असणार, कोपऱ्यापर्यंत गेली असणार. तो सहा पावलांवर होता. त्याच्यापुढं येऊन हात दाखवता आला असता. पण अबोला म्हणजे अबोला. आणि कदाचित तिनं तो हात दाखवलाही होता, तिच्या पद्धतीनं, शिक्का मारून. यातलं काय खरं हे त्याला कधीच कळणार नव्हतं, कारण ज्या चिकटलेल्या ओळीत ते होतं ती वाचून कळवणारं दुसरं कुणी नव्हतं. "टॉफी लाटता येत नव्हती," तो डॉक्टरला म्हणाला. डॉक्टरनं ते काही लिहून घेतलं नाही.

आत्या घरी आली. चालत होती, जेवत होती, डावा हात सगळं करत होता. बायकोही परत आली. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई दुपारच्या येऊ लागल्या, मुलीच्या वयाच्या, गळ्यात पिशवी, पिशवीत चित्रांचे पत्ते. त्यांनी सांगितलं की मोजणं, गाणं आणि शिव्या डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतात, ते सगळं आधी परत येतं. तेव्हा आजी काही लागेल असं बोलल्या तर मनाला लावून घेऊ नका. तो म्हणाला, "लागेल असंच बोलू दे." पहिल्या काही दिवसांत काही आलं नाही. मग एका सकाळी बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, मला 'चहा' म्हणाल्या. चांगलं स्पष्ट." तो चहा घेऊन गेला. आत्यानं कप घेतला. तो वाट बघत उभा राहिला. तिचे ओठ मिटले होते. त्याच्या मनात आलं, दमली असेल. संध्याकाळी बायको म्हणाली, 'दिवा' म्हणाल्या. तो गेला, ओठ मिटलेले. आणि मग, आयुष्यभर तोंडं बघितलेल्या त्या माणसाला, या खेपेला, दिसायला हवं ते दिसलं. लोंबणारं तोंड वेगळं आणि मिटलेलं तोंड वेगळं. हे तोंड मिटलेलं होतं. ओठांभोवतीचा गोल स्नायू आवळलेला होता, जिवंत बाजूचा तर होताच, पण मेलेली बाजूही, थरथरत, जमेल तेवढी, आवळायचं बघत होती. त्याच्यासाठी. फक्त त्याच्यासाठी. बाकी सगळं वाहून गेलं होतं, हात, अक्षर, शब्द, आणि त्यातून तिनं तो राग तेवढा धरून ठेवला होता. तो स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभा राहिला. बायकोनं विचारलं, "बोलल्या काही?" "नाही," तो म्हणाला. "मुद्दाम नाही बोलली." आणि त्याचे खांदे हलायला लागले. बायकोला कळेना की हा हसतोय का रडतोय. त्यालाही नीटसं सांगता आलं नसतं.

त्यानं कोपऱ्यावरून मासिक आणलं. आत्याचं नाव घालून वेष्टण केलं, टॉफी उन्हात ठेवली आणि लाटली. त्याच्या हातून ती नकाशासारखी वेडीवाकडी झाली, एका बाजूला फाटली. डब्यात टाकून आला. आत्याला आजवर कार्डांपलीकडे कुणी टपालानं काही पाठवलं नव्हतं, हे त्याला डब्याचं झाकण खाली पडल्यावर उमगलं. ते आलं त्या दिवशी तो कामावर होता. बायकोनं सांगितलं, आत्यांनी वेष्टण बराच वेळ नुसतं मांडीवर ठेवलं. मग नाकाला लावलं. मग डाव्या हातानं सरकवून काढायला इतका वेळ लावला की चहा दोनदा निवला, पण मला हात लावू दिला नाही. "आणि मग?" "मग काय, चिकटलेली पानं घेऊन बसल्या. तोंडाची वाफ घालत होत्या. गाल एकीकडून सुटतो ना, वाफ जमेना. पण घालत होत्या." "काही म्हणाली?" बायकोनं मान हलवली. ते मासिक आत्या उशीखाली ठेवू लागली, आणि शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते पिशवीत परत टाकले. आजींना यातूनच वाचायचंय म्हणाल्या. त्यातला एखाद-दुसरा शब्द रोज निघत होता. पण सुट्टीच्या दिवशी तो घरी असला, नुसतं दारातून आतबाहेर केलं, की आतलं वाचन बंद पडे. एकदा बाई बाहेर येऊन अवघडत म्हणाल्या, "काका, रागावू नका. तुम्ही घरात असलात की त्या बोलत नाहीत. आत्ताचे दिवस महत्त्वाचे असतात. जे येईल ते आत्ताच येतं." "मी बाहेर जातो," तो म्हणाला. "तुम्हाला घरातून घालवतेय असं..." "नाही, नाही. मी जातो."

पुढं प्रत्येक सुट्टीच्या दुपारी तो बाहेर जाऊ लागला. रस्त्यांनी हिंडे, बाकावर बसे, बंद दुकानांच्या काचेत स्वतःचं तोंड बघे. घरात एका खोलीत शब्द निघत होते, आणि ते निघावेत म्हणून तो तिथं नव्हता. जितका लांब जाईल तितके जास्त निघतील, असंही त्याला वाटे, आणि तो आणखी एक रस्ता ओलांडे. परत आल्यावर बायको काय काय निघालं ते सांगे, आणि ते तिच्या आवाजात असे. आत्याचा आवाज आता कसा लागतो हे त्याला माहीत नव्हतं. एका दुपारी बाई आल्या, आतल्या खोलीचं दार लोटलं गेलं, त्यानं नेहमीप्रमाणे चपला घातल्या, "येतो" म्हणाला, बाहेरचं दार उघडलं, आणि आतूनच मोठ्यानं लावलं. चपला काढून हातात घेतल्या. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं पाहिलं आणि आत वळली. तो भिंतीच्या कडेकडेनं, फरशीच्या गारव्यावरून, लोटलेल्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

आत पान उलटल्याचा आवाज झाला. मग एक आवाज आला, खरबरीत, ओला, अडखळणारा. गावानं चुकीचे नंबर मागून ऐकलेला तो आवाज हा नव्हता, आणि तोच होता.

"गेला का... मेला?"

"हो आजी," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "गेले ते."

खुर्ची कुरकुरली. आत्यानं श्वास घेतला आणि पानावरून, एकेक शब्द टेकवत, वाचायला सुरुवात केली. आणि गेलेला माणूस, हातात चपला धरून, श्वासही न घेता, ऐकत राहिला.